भूत नसलेली खिंड

परळीला देवदर्शनाला गेलो होतो, असं मी शेजारीपाजारी सांगितलं. ते खोटं नाही. वैद्यनाथाचं दर्शन घेतलं, अभिषेकही झाला. पण घरातून निघताना माझ्या डोक्यात होती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची एक बोटभर बातमी. बीड जिल्ह्यातल्या निमखोरी नावाच्या गावाजवळ, एका खिंडीत, तालुक्याच्या कुठल्याशा कार्यालयाने फलक लावला होता : ‘येथे भूत नाही.’

संगमनेरला माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, अलीकडे फ्लेक्स. कामातून उसंत मिळाली की पेपरातल्या चमत्कारिक बातम्या कापून मी खिळ्याला टोचते. बहुतेक बातम्यांत सरकार असतंच. एका गावात पुढे गतिरोधक असल्याची पाटी लावली. गतिरोधक पावसात वाहून गेला, पाटी राहिली, आणि लोक अजून तिथे गाडी हळू करतात. दुसरीकडे कुणी थुंकू नये म्हणून भिंतीवर देवांच्या फरशा बसवल्या, मग देवांवर कुणी थुंकू नये म्हणून एक माणूस नेमला. माझं मत साधं आहे. सरकारने रस्ता करावा, दिवा लावावा आणि गप्प बसावं. माणसं आपापल्या वाटेने बरी जातात.

माझा मोठा भाऊ याच्या नेमका उलट. दादा तहसिलीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला आणि वहिनी गेल्यापासून माझ्याकडे राहतो. सकाळी पेपर आधी त्याच्या हातात जातो, मग माझ्या कात्रीखाली येतो. ही बातमी वाचून मी हसले तेव्हा त्याने चष्मा काढला.

“हसायला काय झालं? लोक घाबरले, शासनाने दखल घेतली.”

“दादा, नसलेल्या गोष्टीची दखल?”

“नसलेल्या गोष्टीचीच तर घ्यावी लागते. असलेली लोकांना दिसतेच.”

यावर मला बघून यावं, एवढंच सुचलं. दादाला वैद्यनाथाला जायचंच होतं. निघालो.

परळी

परळीत लॉजच्या गच्चीवरून एका बाजूला मंदिराचं शिखर दिसतं आणि दुसरीकडे वीजकेंद्राच्या चिमण्या. सकाळी कठड्यावर हात टेकवला तर तळवा करडा झाला. इथे राख सगळ्यांच्या ओळखीची आहे. दुकानदार शटर उघडतो, फडकं मारतो, देवाला उदबत्ती लावतो आणि पुन्हा फडकं मारतो. रस्त्यावरून ताडपत्री बांधलेले राखेचे ट्रक जात होते, वीटभट्ट्यांकडे. लॉजवाल्याने कौतुकाने सांगितलं, “आमच्याकडं राख बी इकती, ताई.” देवळात कपाळाला भस्म लावून बाहेर आलो तेव्हा दादाच्या कपाळावर देवाचं किती आणि हवेतलं किती, हे सांगता आलं नसतं.

त्याच लॉजवाल्याकडून कळलं की दुसऱ्या दिवशी अमावस्या आहे आणि गावोगाव येळवस आहे. आमच्याकडे अमावस्येला नवी चप्पलसुद्धा घालत नाहीत. इथे मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव सणासाठी शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा करतात आणि येईल त्याला जेवू घालतात. आमंत्रण लागत नाही. “वळख नसली तरी बोलवत्यात. घरला या म्हणून नाही, शेतात या म्हणून,” तो म्हणाला. भूत बघायला याहून सोयीचा दिवस मिळाला नसता.

धर्मापुरीवरून पुढे

काळी-पिवळी जीपमध्ये आम्ही दोघं, पुढे दोन म्हातारे आणि मागे एक शेळी. धर्मापुरीला जीप बदलायची होती, म्हणून जुनं देऊळ पाहून घेतलं. बाहेरच्या भिंतीवर दगडातल्या बायका उभ्या आहेत. कुणाच्या हातात आरसा, कुणी पायातला काटा काढतेय. काहींचे चेहरे पूर्ण झिजलेत, पण मान वळवून बघण्याची ढब तशीच. नाक-डोळे नसलेलं माणूस आपल्याकडे बघतंय हे कळतं, ते कशावरून कळतं कुणास ठाऊक. दादा मात्र पुरातत्त्वाची निळी पाटी पूर्ण वाचून आला आणि म्हणाला, “दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय.”

तिथून पुढे टेकड्या सुरू झाल्या. वाळलेलं गवत, मधूनच हिरवी ज्वारी, हरभरा. फाट्यावर उतरलो तेव्हा जीपवाल्याने विचारलं, “निमखोरीत कुणाकडं?”

“कुणाकडे नाही. खिंड बघायची.”

त्याने गाडी चालूच ठेवली होती. तशीच वळवून तो निघून गेला.

निमखोरी

गावात शिरलो तर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. ओळीने घरं आणि घरांना कुलपं. कुलपावर पाऊस पडू नये म्हणून कुणी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, कुणी चिंध्या. एका ओट्यावर पाळणा टांगलेला होता आणि वाऱ्याने हलत होता. दादाने नकळत त्याला हात लावून थांबवला.

गावाच्या टोकाला एक हॉटेल उघडं होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची टपरी, एक बाकडं आणि स्टोव्ह. मालकाचं नाव ज्ञानोबा. पन्नाशीचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेला. त्याने चहा ओतता ओतता सांगितलं की निम्मं गाव दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलंय, कारखान्यांच्या मुलखात. उरलेलं आज येळवशीला शेतात.

“आन् तुमी कुणीकडं?”

मी बातमीचं सांगितलं. तो गंभीर झाला.

“तिकडं नका जाऊ, ताई. आमीच जात न्हाई आता. डोंगराला वळसा घालून जाताव.”

“कावून?” मी ‘का’साठीचा तिकडचाच शब्द वापरला.

“सरकारनं लिवलंय नव्हं.”

“काय लिहिलंय?”

“भूत न्हाई म्हणून.”

“मग? नाही म्हणूनच लिहिलंय ना?”

त्याने स्टोव्ह बारीक केला आणि आमच्यासमोर उकिडवा बसला. “साहेब, तुमी शिकल्यालं माणूस,” तो दादाला म्हणाला, “सांगा बरं. आमच्या शाळंत मास्तर न्हाई. हितं मास्तर न्हाई, असा बोर्ड लावलाय का? दवाखान्यात डागदर न्हाई. लावला का बोर्ड? हितं वाघ न्हाई, असा तरी कुटं बोर्ड बघितला का? सरकार उगं कशाला खर्च करील? काही तरी घावलं असंल, म्हणूनच लिवलं.”

दादाने चहाचा घोट गिळला. मला हसू आवरेना, पण ज्ञानोबा हसत नव्हता.

झालं होतं ते असं. पावसाळ्यात खिंडीच्या वळणावर एक मोटरसायकल घसरली, पोराचा पाय मोडला. आडवं रानडुक्कर आलं होतं. पोराची आई दवाखान्यात कुणाला तरी म्हणाली, काहीतरी आडवं आलं. पेपरवाल्याने छापलं, ‘खिंडीत भूत?’ तालुक्याच्या साहेबांनी पेपर वाचला. जीप आली, दोन खांब रोवले गेले, फलक लागला आणि फोटो निघाले.

“त्याच्या आधी लोक घाबरत होते का?” दादाने विचारलं.

“न्हाई बा. रातच्याला बी जात हुताव.”

“आणि आता?”

ज्ञानोबाने टेकडीकडे पाहिलं. “आता आवाज येतो, साहेब. दुपार कलली की. बाईमाणूस हाक मारल्यावानी. बोर्ड लागला आन् पंधरवड्यात सुरू झालं. मी सोता ऐकलाय. लई लांबून मारती हाक.”

खिंडीच्या पलीकडे एकच वस्ती आहे, तेवढी तुटली, असं त्याने सांगितलं. मेंढरंवाली धुरपामाय. मुलगा-सून तोडीला गेलेत. म्हातारी एकटीच आहे. दुधाची गाडी आता तिच्याकडे वळत नाही. दर येळवशीला गावातल्या बाया तिच्या कोपीवर आंबील प्यायला जायच्या. यंदा कोण जाणार?

“तिनं केली असंल मात्र आंबील,” तो म्हणाला. “तिचं ध्यान न्हाई आता ठिकाण्यावर. त्या हाकेला ती ओ देती.”

खिंड

वाट सोपी होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद, दोन्ही अंगांनी काळा खडक, मधे मऊ फुफाटा. फुफाट्यात मेंढ्यांचे खूर होते आणि एकाच माणसाची पावलं, अनवाणी, जाणारी आणि येणारी. वारा अजिबात नव्हता. टेकडीवर ऊन होतं आणि खिंडीत थंडावा, घरातलं कुणी गेल्यावर स्वयंपाकघरात असतो तसा.

वळणावर फलक उभा होता. दोन लोखंडी पाइपांवर निळा पत्रा, पांढरी अक्षरं. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, या ठिकाणी भूत नाही. अफवा पसरविणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. आदेशावरून.’

फोटो काढावा म्हणून मी मोबाइल वर केला आणि तसाच खाली घेतला. छापखान्यात मी हजारो वाक्यं जुळवलीत. पण त्या निर्मनुष्य जागी, कातळाच्या मधोमध, ते वाक्य वाचताना पहिल्यांदाच वाटलं की हे कुणाला तरी उद्देशून आहे आणि तो कुणी इथेच उभं राहून ते वाचतोय.

“जावक क्रमांक नाही,” दादा म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा आला.

फलकाच्या वर, खिंडीच्या काठावर, नुकताच शेण-मातीने सारवलेला एक ओटा होता. त्यावर एक हिरवी बांगडी ठेवलेली. आम्ही चाल वाढवली.

पलीकडे उतरलो आणि एकदम हिरवं शिवार. हरभऱ्याच्या कडेला कडब्याची कोप, बाजूला मेंढ्या, आणि कोपीच्या तोंडाशी नऊवारी लुगड्यातली एक उंच, वाळलेली म्हातारी कपाळावर आडवा हात धरून आमच्याकडे पाहत उभी.

“या,” ती ओरडली. कोण, कुठले, काही नाही. “लई येळ लावला. आंबील आंबून गेली.”

मोठा मातीचा डेरा भरून आंबील होती. वीस माणसांना पुरून उरली असती. आम्हाला तिने घोंगडीवर बसवलं, पत्रावळीवर भज्जी वाढली. भज्जी म्हणजे आपली कांद्याची भजी नव्हेत. तुरीचे, वालाचे दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, चिंच, सगळं बेसनात रटरट शिजवलेलं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगदाण्याची चटणी. आंबील ताकाची, लसणाची, गार. पहिल्या घोटाला माझे डोळे मिटले. आमच्याकडे सणाला गोड लागतं. हे आंबट, तिखट जेवण मातीवर बसून खाताना मला आमच्या पुरणाची आठवणसुद्धा झाली नाही.

तिने स्वतःचं पान घेतलं, आणि आणखी एक वाढून शेजारी ठेवलं.

“अजून कुणी यायचंय?” मी विचारलं.

“गया.”

“कोण गया?”

“माजी सवत.”

मग ती सांगत गेली. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा धुरपामायने गयेला पाण्याच्या घागरीसकट घराबाहेर ढकललं होतं. गया पडली, उठली, पुन्हा पाणी भरून आली. तिथून जे भांडण सुरू झालं ते आयुष्यभर. नवरा गेला, दोघी एकाच कोपीत, त्याच मेंढरांमागे. सकाळी कोण चूल पेटवणार यावरून भांडण, रात्री दिवा कोण विझवणार यावरून भांडण. उन्हाळ्यात गयेला ताप आला. ती गेली त्या दिवशी सकाळी एका कोकरावरून दोघींचं वाजलं होतं.

“मी तिला बोलले, आन् तिनं उलटून बोलायच्या आत डोळं मिटलं,” धुरपामाय म्हणाली. “तितं वर पुरली. आता ती बोलवती. राह्यलंय नव्हं बोलायचं.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“सवतीचं कसलं भ्याव?” तिला माझा प्रश्न खुळचट वाटला. “पोरगा आलता न्यायला. तोडीवर चल म्हणला. म्या न्हाई गेले. मेंढ्या याल्या की कोकरं पोराच्या सुपूर्द करायची आन् जायाचं तिच्यासंगं. लई दिस हाका मारती बिचारी.”

हे ती बाजारला जायचं असल्यासारखं म्हणाली. पानातला उंडा तिने मोडला होता, पण घास तोंडात घातला नव्हता. मनगटं काटकीसारखी झाली होती. मी दादाकडे पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता.

“तुमचं घरचं माणूस?” तिने त्याला विचारलं.

“गेली. तीन वर्षं झाली.”

“हाक मारती का?”

“नाही.”

“तुमी मारता का?”

पत्रावळीवरचा एक दाणा दादा बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिला.

आणि तेव्हाच वारा सुटला. आधी हरभरा हलला, मग कडबा सळसळला, मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. खिंडीतून आवाज आला.

तो कसा होता ते सांगायचा मी परत आल्यापासून प्रयत्न करतेय. खालच्या सुरात सुरू झाला, लांबला, आणि शेवटी बाईचा आवाज फाटतो तसा वर जाऊन तुटला. शब्द नव्हता, पण नाव घेऊन मारलेली हाक होती. पलीकडच्या शेतातून, जेवायला ये म्हणून मारतात तशी. माझ्या हातातली आंबील मांडीवर सांडली. आयुष्यभर मी भुताखेतांना हसत आले. त्या क्षणी मला हसू कसं काढतात तेसुद्धा आठवेना.

“आले गं, भवाने!” धुरपामाय उठली. “जीव काढशील का?” तिने काठी घेतली आणि तरातरा खिंडीकडे निघाली.

“दादा, तिला थांबव.”

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तोच आधी उठला. आम्ही मागोमाग धावलो. खिंडीत शिरताच आवाज सगळीकडून येऊ लागला, कातळातून, पायाखालून. धुरपामाय चढ चढून त्या सारवलेल्या ओट्याकडे चालली होती. ओट्यापलीकडे सरळ खाली कडा. ती वाऱ्यात उभी राहून ओरडत होती, “बोल की! काय बोलायचं ती बोल की तोंडानं!”

दादा मात्र वळणावर थबकला. मान तिरकी करून ऐकू लागला. मग फलकाजवळ गेला आणि एका पाइपावर तळवा ठेवला.

“शके, हात लाव.”

मी लावला. पाइप थरथरत होता, मांजराच्या पाठीसारखा. पत्रा जिथे जोडला होता तिथे छातीच्या उंचीवर बोल्टसाठी भोक होतं, आणि बोल्ट नव्हता. दादाने भोकावर अंगठा दाबला.

हाक थांबली.

अंगठा काढला. हाक आली. पुन्हा दाबला. खिंड गप्प.

माझ्या तोंडून हसू फुटलं, सुटकेचं. भूत नाही असं सांगायला सरकारने जो खांब रोवला, त्याच खांबाने भूत जन्माला घातलं होतं! बोल्टची जागा ठेवली आणि बोल्ट विसरले. खिंडीतला वारा पोकळ पाइपात बासरीसारखा वाजत होता. माझ्या खिळ्यावरच्या सगळ्या बातम्या या एका बातमीपुढे फिक्या होत्या. “दादा, बघ तुझं शासन!” मी म्हणाले, आणि वर पाहिलं.

धुरपामाय आमच्याकडे बघत होती. ती खाली उतरली, आमच्यापाशी आली. दादाचा हात बाजूला करून तिने स्वतःचा अंगठा भोकावर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. किती तरी वेळ ती तेच करत होती.

“म्हंजी गया न्हाई?” तिने विचारलं.

दादाने आयुष्यभर लोकांना खिडकीतून ‘नाही’ म्हटलंय. या वेळी त्याला ते म्हणता आलं नाही. मीच म्हणाले, “नाही, मावशी. वारा आहे.”

“मला कळवा म्हणून तुमाला कुणी सांगितलं हुतं?”

आवाज चढला नव्हता. माणसांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावं, असं लोकांना ऐकवत फिरणारी मी, कुणी न बोलावता शंभर कोस येऊन एका म्हातारीची हाक बंद करून उभी होते. ती वाट कड्याकडे जात होती, हेही खरं. दोन्ही खरं असताना काय बोलायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती वस्तीकडे चालू लागली. आम्हाला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने ती परत आली. हातात गयेच्या पानातला बाजरीचा उंडा होता. तो तिने चुरून, दाबून भोकात भरला, अंगठ्याने लिंपला, आणि पाइपावर एक चापट मारली.

“खा, आन् गप बस,” ती म्हणाली. मग तिथेच फुफाट्यात बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी शेजारी बसले. वारा जोरात होता, फलकाचा पत्रा नुसता खडखडत होता.

कोपीवर परतल्यावर ती जेवली. दोन उंडे, भज्जी, वाडगाभर आंबील.

परतताना

ऊन उतरायच्या आत आम्ही निमखोरीत आलो. ज्ञानोबा टपरी सोडून रस्त्यावर उभा होता. आम्ही येतोय की नाही हे बघत असावा. दादाने त्याला सगळं समजावलं, पाइप, भोक, बोल्ट, वारा. ज्ञानोबाने शेवटपर्यंत लक्षपूर्वक ऐकलं.

“म्हंजे,” तो म्हणाला, “बोर्डातच हुती व्हय ती!”

“अरे बाबा, ती नव्हतीच.”

“व्हय, व्हय. पर बोर्डात हुती. आन् मायनं तिला येळवशीचं खाऊ घातलं, म्हणून निवली.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. ज्ञानोबाने टपरीचं झाकण टाकलं आणि शेतांकडे ओरडत गेला. थोड्या वेळाने पाच-सहा बाया डोक्यावर टोपल्या घेऊन खिंडीच्या वाटेला लागल्या. आंबील एकटीने प्यायची नसते, त्यांतली एक मला म्हणाली. पहिलीने वळणावर खांबाला हात लावून कपाळाला लावला असणार, मग तसाच सगळ्यांनी.

संक्रांतीला ज्ञानोबाचा फोन आला. लोक खिंडीतून जाऊ लागलेत. दुधाची गाडीही वळते. खांबाला कुणी तरी हळदकुंकू वाहिलं, मग कुणी तरी हिरव्या बांगड्या बांधल्या. कार्यालयाची जीप फलक काढायला आली होती. बायांनी काढू दिला नाही, भावना दुखावतील म्हणून साहेब परत गेले. भूत नसल्याचं जाहीर करणाऱ्या कार्यालयाच्या खात्यावर आता एक देवी जमा आहे. मी पोट धरून हसले. दादाही हसला, बऱ्याच दिवसांनी.

“धुरपामाय कशी आहे?” मी विचारलं.

“लई झ्याक. जेवती-खाती. मी तिच्याच वस्तीवर हाय. बोला,” ज्ञानोबा म्हणाला. मी फोनचा आवाज मोठा करून दादाच्या आणि माझ्या मधे टेबलावर ठेवला. वारा ऐकू येत होता, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा.

“कोण? आंबील सांडणारी व्हय?” धुरपामाय म्हणाली. “बरी हाय का लेकी? मेंढ्या याल्या बघ. समद्या.”

मेंढ्या व्याल्या की जायचं, असं ती म्हणाली होती. मी विचारण्याआधी तीच म्हणाली, “आता न्हाई जात कुटं. पोरगा यील फाल्गुनात, तवर कोकरं कोण बघणार? गया काय आता हाक मारत न्हाई.”

“बरं झालं, मावशी.”

“तिनं बंद केली. म्हणून मग मीच मारते. रोज ह्याच टायमाला.”

दादा खुर्चीत पुढे सरकला.

“ओ देते का?” मी विचारलं. गंमत म्हणून विचारलं असं मला वाटतं.

“देती की. ऐका.”

तिने फोन बाजूला धरला असावा. मग तिची हाक ऐकू आली, लांब, खालून वर जाणारी, “गयेऽऽऽ”, आणि ती खिंडीच्या कातळांवर आपटून विरत गेली. घंटा थांबल्या. नुसता वारा उरला. आम्ही दोघंही टेबलावर वाकलो होतो, आमची डोकी जवळजवळ एकमेकांना लागली होती.

ओ यायच्या आत दादाने हात पुढे केला आणि फोन बंद केला.

तो उठला आणि वहिनीचा फोटो आहे त्या आतल्या खोलीत गेला, आणि दार लावून घेतल्याचा आवाज आला.